गावात थांबलेल्यांचे काम

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला, ॲपलेशियन डोंगररांगांच्या बेचक्यात व्हाइट्सबर्ग नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. लेचर काउंटीचे हे मुख्य ठिकाण. गावातून केंटकी नदीचा उत्तरेकडचा फाटा वाहतो, दोन्ही अंगांना उभे चढ आणि त्या चढांच्या पोटात कोळसा. या गावात १९६९ पासून एक संस्था चालू आहे. तिचे नाव ॲपलशॉप. चित्रपट, रेडिओ, नाटक, गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका, तरुणांचे प्रशिक्षण आणि या सगळ्याचा जपून ठेवलेला संग्रह, असा तिचा पसारा. आजच्या व्याख्यानाचा विषय ती संस्था आणि विशेषतः ती चालवणारी माणसे हा आहे. पुढे आपल्या शेजारच्या तेलंगणात आणि मग महाराष्ट्रात यायचे आहे, पण केंटकीत थोडे रेंगाळावे लागेल. लोकांच्या हाती माध्यम द्या, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. दिलेले माध्यम अर्ध्या शतकाहून अधिक काळ हातात धरून ठेवणे काय असते, ते व्हाइट्सबर्गमध्ये पाहायला मिळते.

या डोंगरांकडे अमेरिकेचे लक्ष गेले ते १९६०च्या दशकात. व्हाइट्सबर्गचेच वकील हॅरी कॉडिल यांनी १९६३ मध्ये ‘नाइट कम्स टू द कंबरलंड्स’ हे पुस्तक लिहिले. कोळशाने देश उजळला आणि कोळशाच्या डोक्यावर बसलेली माणसे अंधारात राहिली, ती कशी, याचा तो सविस्तर हिशेब होता. २४ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पूर्व केंटकीतल्याच मार्टिन काउंटीत एका गरीब कुटुंबाच्या घराच्या पायऱ्यांपाशी आले. त्यांच्यासोबत छायाचित्रकार आले. त्यांच्यामागून वृत्तपत्रे आली, दूरचित्रवाणी आली. मोडकी घरे, अनवाणी मुले, कोळशाने काळवंडलेले चेहरे घरोघरच्या पडद्यावर दिसू लागले. ती चित्रे खोटी नव्हती. पण ती कुणाला दाखवायची, त्यांच्याखाली काय लिहायचे, हे ठरवणारे एकही माणूस त्या डोंगरातले नव्हते. आपली गरिबी देशभर दिसते आहे आणि आपले बोलणे मात्र कुणाला ऐकू येत नाही, याची चीड तिथे साचत गेली.

सप्टेंबर १९६७ मध्ये त्या चिडीने एक बळी घेतला. ह्यू ओ’कॉनर हे कॅनडाचे नामवंत चित्रपटकार लेचर काउंटीतील जेरेमाया येथे चित्रीकरण करत होते. भाड्याच्या घराच्या ओसरीवर बसलेल्या एका खाणकामगाराची त्यांनी परवानगी घेतली होती आणि त्याने ती आनंदाने दिली होती. घरमालक होबार्ट आयसन पिस्तूल घेऊन आला, निघून जा म्हणाला. मंडळी सामान आवरून निघाली असताना त्याने गोळी झाडली. ओ’कॉनर जागीच गेले. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. दुसरा खटला उभा राहण्याआधी आयसनने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षभरानंतरच तो पॅरोलवर सुटला. गावातल्या अनेकांची सहानुभूती त्याच्याकडे होती.

या घटनेनंतर दोनच वर्षांनी, त्याच काउंटीत, काही पोरांच्या हातात कॅमेरा देण्यात आला.

ही योजना सरकारी होती. गरिबी हटवण्याच्या मोहिमेतून केंद्रीय खात्याचे पैसे, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची साथ आणि देशात ठिकठिकाणी चित्रपट प्रशिक्षणाच्या कार्यशाळा. त्या बहुतेक शहरांत होत्या, व्हाइट्सबर्गची मात्र खेड्यातली. येल विद्यापीठातून वास्तुकला शिकलेला बिल रिचर्डसन हा तरुण ती सुरू करायला आला. योजनेमागचा विचार सरळ होता: मुलांना हुन्नर शिकवावा म्हणजे त्यांना चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या धंद्यात नोकऱ्या मिळतील. पण व्हाइट्सबर्गच्या आसपास असा धंदाच नव्हता. नोकरी हवी तर गाव सोडायला हवे. डोंगरातून सिनसिनाटी, डेट्रॉइट, शिकागोकडे आधीच माणसांची रांग लागलेली होती, त्या रांगेत आणखी काही कॅमेरावाले गेले असते, इतकेच.

ती मुले गेली नाहीत. ॲपलशॉपच्या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच, आणि तो कुणा तज्ज्ञाने घेतलेला नव्हता. खाणकामगारांच्या घरातला हर्ब स्मिथ तेव्हा शाळकरी वयाचा होता. तो आणि त्याच्यासारखे काहीजण म्हणाले, शिकलो आहोत तर इथलेच चित्रपट करू. सरकारी पैसा आटला तेव्हा कार्यशाळेची स्वतंत्र संस्था झाली आणि ती तिथेच रुजली.

पहिले चित्रपट पाहिले की त्यांची नजर कळते. एक गावातल्या खाटकावर, तो डुक्कर कसे कापतो यावर. एक जुन्या वळणाच्या बॅप्टिस्ट पंथाच्या उपासनेवर, एक खुर्च्या बनवणाऱ्या कारागिरावर, एक गोधड्या शिवणाऱ्या बायकांवर. बाहेरच्या कॅमेऱ्याला ज्या घरात फक्त दारिद्र्य दिसत होते, त्याच घरात या मुलांना काम येणारे हात दिसले. लांब केसांच्या या पोरांकडे गावाने सुरुवातीला संशयानेच पाहिले. तरी खाटकाने आपले काम दाखवले, म्हाताऱ्यांनी गाणी म्हटली, कारण हे पोर कुणाचे, याचे उत्तर गावाला ठाऊक होते.

पण नुसत्या गोधड्या आणि गाणी यांवर थांबले असते तर ॲपलशॉप एक गोड संग्रहालय होऊन राहिले असते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बफलो क्रीकच्या खोऱ्यात कोळसा कंपनीने खाणीच्या टाकाऊ मालाचा घातलेला बांध फुटला. सुमारे पन्नास कोटी लिटर काळे पाणी खोऱ्यातून घुसले. १२५ माणसे मेली, चार हजारांहून अधिक बेघर झाली. कंपनी म्हणाली, ही देवाची करणी. ॲपलशॉपच्या मिमी पिकरिंग यांनी या घटनेवर चित्रपट केला, तो १९७५ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या नावातच त्यांनी उत्तर दिले: ‘द बफलो क्रीक फ्लड: ॲन ॲक्ट ऑफ मॅन’. ही माणसाचीच करणी. वाचलेली माणसे, अधिकारी, कंपनीची बाजू, सारे त्यात आहे आणि बांध कमकुवत असल्याचे आधीच ठाऊक होते हेही त्यातून उघड होते. पिकरिंग तिथेच थांबल्या नाहीत. दहा वर्षांनी त्या पुन्हा त्या खोऱ्यात गेल्या, पुनर्वसनाच्या नावाखाली काय झाले ते पाहिले आणि १९८४ मध्ये दुसरा चित्रपट केला. बाहेरचा वार्ताहर दहा वर्षांनी परत येत नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पहिला चित्रपट राष्ट्रीय चित्रपट सूचीत नोंदवला.

जमिनीच्या प्रश्नाचेही तसेच. विसाव्या शतकाच्या आगेमागे कंपन्यांनी डोंगरातल्या शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजाचे हक्क कवडीमोलाने लिहून घेतले होते. पुढे बुलडोझर आले आणि न्यायालयांनी त्या जुन्या कागदांचा अर्थ असा लावला की मालकाची संमती नसली तरी वरची जमीन उकरता येईल. शेत, अंगण, कशाचीही तमा न बाळगता डोंगर सोलले गेले. याविरुद्धच्या चळवळीवर ॲन लुइस यांनी ॲपलशॉपमधून ‘ऑन अवर ओन लँड’ हा चित्रपट केला. नोव्हेंबर १९८८ मध्ये केंटकीच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ही पद्धत बंद केली, बाजूने ८२ टक्क्यांहून अधिक मते पडली. श्रेय चळवळीचे. पण चळवळीला स्वतःचा चेहरा स्वतःच्या पडद्यावर पाहता आला, ही गोष्टही लहान नव्हे.

अशा गावात राहून कोळशाविरुद्ध बोलणे किती जोखमीचे होते, त्याचा पुरावा जवळच होता. टॉम आणि पॅट गिश हे दांपत्य व्हाइट्सबर्गमधून ‘माउंटन ईगल’ हे साप्ताहिक काढत असे. ‘ते किंचाळते’ असे त्याचे बोधवाक्य. १९७४ मध्ये त्याच्या कचेरीला आग लावण्यात आली. पुढचा अंक निघाला आणि त्यावर छापले होते, ‘ते अजूनही किंचाळते’. ॲपलशॉपची मंडळी त्याच गावात घरे करून होती. ज्यांच्या कंपनीवर चित्रपट करायचा, तिच्यात आपलाच चुलतभाऊ कामाला. ज्याची मुलाखत चुकीची कापली, तो उद्या किराणा दुकानात समोर उभा. शहरातून आलेल्या चित्रपटकाराला ही भीती नसते, आणि म्हणून त्याच्या अंगी ती काळजीही सहसा येत नाही. केंद्र चालवणाऱ्यांचा खरा कस या शेजारपणात लागतो.

या शेजारपणावरचा सर्वांत प्रामाणिक चित्रपटही तिथूनच आला. एलिझाबेथ बॅरेट या शेजारच्या हॅझर्ड गावच्या, बऱ्या परिस्थितीत वाढलेल्या. ॲपलशॉपमध्ये त्यांनी गोधड्या शिवणाऱ्या बायकांवर, खाणीत उतरणाऱ्या बायकांवर चित्रपट केले होते. ओ’कॉनरच्या हत्येला तीस वर्षे होऊन गेल्यावर त्यांनी ती फाइल पुन्हा उघडली. ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ २००० मध्ये आला. त्यात मारणाऱ्याचे शेजारी बोलतात, मेलेल्याची मुलगी बोलते आणि ओ’कॉनरचे मित्र, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो हेही बोलतात. ज्या १९६७ साली ओ’कॉनर मारले गेले, त्याच साली लो यांनी न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर कोळ्यांचे छोटे चित्रपट काढून ते आधी त्यांनाच दाखवायचे, त्यांच्या संमतीशिवाय बाहेर न्यायचे नाहीत, अशी पद्धत रुजवली होती. सामुदायिक माध्यमांच्या जगात आजही त्या पद्धतीचे नाव घेतले जाते. बॅरेट यांचा चित्रपट खुन्याला माफ करत नाही. पण तो कॅमेऱ्याला प्रश्न विचारतो, आणि विचारताना स्वतःचा कॅमेराही त्यातून वगळत नाही. अमेरिकेतील माहितीपटांमध्ये याच्याइतके स्वच्छ आत्मपरीक्षण दुर्मीळ आहे.

शहरांतही अशी केंद्रे उभी राहिली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये जॉन अल्पर्ट आणि केइको त्सुनो यांनी १९७२ मध्ये डाउनटाउन कम्युनिटी टेलिव्हिजन सुरू केले. टपालाची जुनी गाडी घेऊन ते रस्त्याच्या कडेला आपल्या चित्रफिती दाखवत. पुढे अग्निशमन दलाच्या एका जुन्या इमारतीत ते केंद्र स्थिरावले आणि हजारो लोकांना तिथे व्हिडिओ शिकवला गेला.

व्हाइट्सबर्गच्या रेडिओची कथा मात्र अधिक सांगण्याजोगी आहे. डब्ल्यूएमएमटी हे ॲपलशॉपचे केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले. निवेदक बहुतेक स्वयंसेवक: कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त खाणकामगार, कुणी शाळेतला मुलगा. डोंगरी बँजोपासून रॉकपर्यंत ज्याला जे आवडते ते तो वाजवतो. खाणी बंद पडू लागल्या तसे सरकारने या डोंगरांत तुरुंग बांधायला घेतले. १९९८ आणि १९९९ मध्ये व्हर्जिनियाच्या वाइज काउंटीत कडेकोट बंदोबस्ताचे दोन तुरुंग उघडले. त्यातले पुष्कळ कैदी दूरच्या शहरांतले, कृष्णवर्णीय, आणि रखवालदार स्थानिक गोरे. रेडिओवरच्या हिप-हॉप कार्यक्रमाला कैद्यांची पत्रे येऊ लागली. निक शुबेर्ला आणि अमेलिया कर्बी या तरुण निवेदकांनी ती पत्रे गांभीर्याने घेतली. त्यातून कार्यक्रम उभा राहिला: कैद्यांच्या घरच्यांनी फोन करायचा, निरोप ध्वनिमुद्रित करायचा आणि ठरलेल्या रात्री तो प्रसारित व्हायचा. शेकडो मैलांवरून भेटीला येणे ज्यांना परवडत नाही, त्या आया आपल्या मुलांशी एका छोट्या डोंगरी रेडिओवरून बोलू लागल्या. मुलाच्या वाढदिवसाचे गाणे, आजीच्या तब्येतीची खबर, हे सगळे खोऱ्यातली इतर माणसेही ऐकत होती, तुरुंगात पहारा देणाऱ्यांची कुटुंबेसुद्धा.

१९८८ पासून ॲपलशॉपमध्ये तरुणांसाठी स्वतंत्र शाखा आहे. उन्हाळ्यात मुले येतात, आपल्या भागातला विषय निवडतात आणि माहितीपट करतात. वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने या डोंगरांतली घरेच्या घरे उद्ध्वस्त केली, त्यावर तिथल्या मुलांनी स्वतः चित्रपट केले. या मुलांना कामाचे पैसे मिळतात. ही बाब छोटी वाटेल, पण गरीब घरातल्या मुलीला उन्हाळ्यात कुठेतरी काम करावेच लागते. पैसे नसतील तर कलेच्या वर्गात फक्त सुखवस्तू घरांतली मुले उरतात.

२८ जुलै २०२२ च्या पहाटे नदीला पूर आला. पूर्व केंटकीत चाळीसहून अधिक माणसे गेली. ॲपलशॉपची इमारत नदीकाठी. रेडिओचा स्टुडिओ, नाट्यगृह आणि पन्नास वर्षांच्या संग्रहाची खोली पाण्यात गेली. फिल्मची रिळे, टेप, छायाचित्रे, हस्तलिखिते यांवर चिखलाचा थर बसला. पाणी ओसरताच कर्मचारी आणि ठिकठिकाणांहून आलेले संग्रहतज्ज्ञ एकेक वस्तू उचलू लागले. ओल्या टेपला बुरशी लागू नये म्हणून त्या गोठवून ठेवायच्या आणि मग सावकाश साफ करायच्या, असे हे काम. त्या लोकांपैकी अनेकांची स्वतःची घरेही पुरात होती. रेडिओ तात्पुरत्या जागेतून पुन्हा बोलू लागला. मदत कुठे मिळते, अर्ज कसा करायचा, हे गावाला सांगणारा आवाज गावचाच होता.

आता आपल्या बाजूला येऊ. तेलंगणात, पूर्वीच्या मेदक आणि आताच्या संगारेड्डी जिल्ह्यात, जहीराबादजवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. १९८३ पासून तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी काम करते. दूरदर्शनमध्ये निर्माते म्हणून काम केलेले पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक. २०२३ मध्ये ते निवर्तले. गावोगावच्या दलित स्त्रियांचे संघ, त्यांची भरडधान्याची शेती, बियाण्यांची साठवण हा कामाचा गाभा. त्या बायकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस म्हटले की आम्हाला आमचा रेडिओ हवा. युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभा राहिला. परवाना मात्र मिळेना.

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजीच दिला होता. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे मराठी श्रोत्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे. तरी स्वयंसेवी संस्थांना रेडिओ चालवू देणारे धोरण यायला २००६ सालची अखेर उजाडली. मधल्या काळात पस्तापूर आणि जवळच्याच माचनूर गावच्या बायकांनी काय केले? कार्यक्रम करत राहिल्या. टेपवर ध्वनिमुद्रण करायचे आणि संघाच्या बैठकीत टेपरेकॉर्डर लावून ऐकायचे, ऐकवायचे. १५ ऑक्टोबर २००८ रोजी माचनूरहून ‘संघम रेडिओ’ हवेत गेला, तेव्हा ‘जनरल’ नरसम्मा आणि अलगोले नरसम्मा या दोघी ते केंद्र चालवायला पुरत्या तयार होत्या. अनेक नरसम्मांमध्ये ओळख पटावी म्हणून एकीला ‘जनरल’ म्हणू लागले आणि ते नाव तिला शोभले.

याच संघांतल्या काही जणी कॅमेरा शिकल्या. वरून किंवा खालून पाहणाऱ्या कोनांना त्यांनी ‘पटेल शॉट’ आणि गड्याचा शॉट अशी नावे दिली, कारण जमीनदार आणि गडी एकमेकांकडे तसेच पाहत. समोरासमोर, डोळ्यांच्या पातळीवरचा तो ‘संघम शॉट’. चित्रपटाच्या शाळेत न गेलेल्या शेतमजूर बायकांनी कॅमेऱ्याच्या कोनातली सत्ता अशी नेमकी पकडली. त्यांनीच वारंगळच्या शेतकऱ्यांकडे हंगामभर पुन्हा पुन्हा जाऊन बीटी कापसावर २००३ मध्ये चित्रपट केला आणि त्याच्या आवृत्त्या परदेशी भाषांत निघाल्या. बफलो क्रीकला दुसऱ्यांदा जाणाऱ्या पिकरिंगबाई आणि वारंगळला वारंवार जाणाऱ्या या बायका, या सगळ्यांच्या कामाची रीत एकच आहे.

महाराष्ट्रात माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून आहे. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी महिला बँकेच्या कामातून ती उभी राहिली. गोव्यातून ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ ही संस्था २००३ पासून देशभरच्या गावांतल्या आणि वस्त्यांतल्या माणसांना आपल्या प्रश्नांचे चित्रण करायला शिकवते. प्रश्न मांडून ती थांबत नाही, तो सुटला का हेही तिचे वार्ताहर पुन्हा जाऊन टिपतात. २०२४ च्या सुरुवातीला देशात सामुदायिक रेडिओ केंद्रांची संख्या पाचशेच्या जवळ गेली. ही वाढ चांगली आहे. पण नियम पाहा: ताकद अवघी शंभर वॅट, आवाका दहा-पंधरा किलोमीटर, स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई. जाहिरातींची वेळ तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटे झाली, तीही २०२४ मध्ये. २०१२ मध्ये स्पेक्ट्रमचे शुल्क एकदम अनेक पटींनी वाढवले गेले, तेव्हा केंद्रांना निषेध करून ते मागे घ्यायला लावावे लागले. बातम्यांवरची बंदी उठली पाहिजे. ज्या गावाला धरणाच्या विसर्गाची, रेशनच्या दुकानाची, ग्रामसभेची बातमी स्वतःच्या रेडिओवर सांगता येत नाही, त्या गावाला रेडिओ पुरता मिळालेला नाही.

शेवटची विनंती पैशांविषयी आहे. अशा केंद्रांना देणगी देणारे यंत्र देतात. कॅमेरा देतात, संगणक देतात, उद्घाटनाला येतात, फलक लावतात. निवेदिकेचा महिन्याचा पगार, विजेचे बिल, ट्रान्समीटरची दुरुस्ती आणि जुन्या टेप डिजिटल करणाऱ्या एका माणसाचे मानधन यांना मात्र कुणी वाली नसतो. ॲपलशॉपचा पुरात भिजलेला संग्रह आज माणसेच हाताने साफ करत आहेत, आणि ते काम अजून चालू आहे. या सभागृहातील ज्यांच्या तालुक्यात सामुदायिक रेडिओ किंवा व्हिडिओचे केंद्र असेल, त्यांनी तिथे एकदा जावे, चालवणाऱ्या बाईंना पगार कुठून मिळतो हे विचारावे, आणि देणगी द्यायची असेल तर त्या पगारासाठी, निदान तीन वर्षांचे वचन देऊन, द्यावी.